वर्षावनातल्या शिबिराला निघताय? ग्वाल्हेरच्या सवयीने बॅग भरू नका

पश्चिम घाटातल्या आगुंबे, कुर्ग, वायनाड या भागांतल्या योग-ध्यानाच्या निवासी शिबिरांना आपल्या ग्वाल्हेरहून जाणारे आता बरेच झाले आहेत. पूर्वी निवृत्त मंडळीच जायची, हल्ली तिशीतली मुलंमुलीही जातात. ओळखीतला एखादा गट निघाला की सामान बघायला मला बोलावणं येतं, आणि बॅगा उघडल्या की थोड्याफार फरकाने त्याच चुका दिसतात. कुणी मसुरीला निघाल्यासारखे स्वेटर भरलेले असतात, तर कुणी लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीचे कपडे. जिथे जायचं आहे तिथली हवा कशी असते, याचा विचार केलेला नसतो.

आपल्याकडे वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आगुंब्याला सात हजारांच्या वर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण पावसाचा आकडा बघून माणूस फक्त रेनकोट घेतो आणि तयारी झाली असं समजतो. खरी अडचण पाऊस थांबल्यावर सुरू होते, कारण तिथे काही वाळत नाही. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या गच्चीवर टाकलेला पंचा अर्ध्या तासात कडकडीत होतो, कारण हवा कोरडी असते. आपला खसची ताटी लावलेला कूलर खोली गार करतो तोही त्याच कोरड्या हवेच्या जोरावर. तो कूलर पावसाळ्यात आगुंब्याला नेऊन लावला तर नुसती दमट हवा फेकत बसेल, तिथल्या हवेत आणखी पाणी मावतच नाही. सकाळी दोरीवर टाकलेला सदरा तिसऱ्या दिवशीही गारढोण लागतो तो याच कारणाने.

म्हणून सामान भरण्याआधी एकच गोष्ट ठरवा: काय भिजलं तरी चालेल आणि काय कधीच भिजू द्यायचं नाही. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

सुती कपड्यांचा हट्ट

उन्हाळ्यात सुती घालावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यासाठी ते अगदी बरोबर आहे. घाम शोषला जातो, कोरड्या हवेत लगेच उडतो, अंगाला गार वाटतं. वर्षावनात घाम आणि पाऊस दोन्ही शोषले जातात, पण उडत काहीच नाही. ओला सुती कपडा जड होतो, मांड्यांना आणि काखेत घासतो, आणि दोन दिवसांत जांघेत खाज सुरू होते. जीन्सची गत तर सगळ्यात वाईट. एकदा भिजलेली जीन्स शिबिर संपेपर्यंत वाळत नाही आणि परतीच्या प्रवासात बाकीच्या कपड्यांनाही तिचा वास लागतो.

खेळाडू घालतात तसले ड्राय-फिट टी-शर्ट, नायलॉन किंवा पॉलिस्टरची सैल पँट, आतले कपडेही त्याच जातीचे, असे दोन-तीन जोड पुरतात. एक अंगावर, एक दोरीवर, एक हाताशी. याहून जास्त नेऊ नका. दहा जोड नेणाऱ्याचे शेवटी दहाही जोड दमट होतात, कारण कपाटात ठेवलेला कपडासुद्धा तिथली ओल ओढून घेतो.

टर्किश टॉवेल घरी ठेवा आणि जुना, विरलेला पंचा न्या. तो पिळता येतो, लवकर हलका होतो, आणि त्याचा आणखी एक उपयोग आहे. धुतलेला टी-शर्ट पिळून झाला की कोरड्या पंच्यावर पसरा, दोन्हींची मिळून वळकटी करा आणि दोन्ही टोकं धरून दोघांनी उलट्या दिशेने पीळ द्या. हाताने पिळून न निघालेलं पाणी पंचा खेचून घेतो. मग टी-शर्ट पंख्याखाली रात्रभर टांगला तर सकाळी घालण्याजोगा होतो. मलनाडातल्या, म्हणजे कर्नाटकच्या घाटभागातल्या, जुन्या घरांत न्हाणीघरात पाणी तापवायची चूल असते. होमस्टे असेल तर घरच्या माणसांना विचारून तिथे दोरी बांधा. कपड्यांना थोडा धुराचा वास लागेल, पण कोरडे मिळतील.

आणि आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसतो तो मुद्दा. एक जोड कधीच बाहेर न्यायचा नाही. रात्री झोपायला आणि पहाटे ध्यानाला बसायला एक पूर्ण कोरडा जोड: पायजमा, बाह्यांचा टी-शर्ट, पातळ फ्लीसचा स्वेटर, मोजे. हा जोड वेगळ्या पिशवीत असतो, खोलीवर आल्यावर अंग पुसूनच निघतो आणि पुन्हा बाहेर जाण्याआधी पिशवीत परत जातो. सकाळी ओले कपडे अंगावर चढवताना शहारा येतो आणि मोह होतो की आजचा दिवस कोरडेच घालू. तेवढा मोह आवरा. पाच मिनिटांत शरीराच्या उबेने ते सुसह्य होतात, पण हा कोरडा जोड एकदा भिजला की उरलेल्या सगळ्या रात्री गारठ्यात जातात. तासभर मांडी घालून स्थिर बसायचं असेल तर अंगावर ओल नको. लक्ष श्वासावर राहत नाही, पाठीवर चिकटलेल्या कापडावर राहतं.

जाड लोकरीचे स्वेटर मात्र नकोत. आगुंबे समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, तिथे आपल्यासारखी जानेवारीतली थंडी पडत नाही. लोकर ओल धरून बसते, फ्लीस झटकला तरी बराच हलका होतो.

ट्रॉली आणि रेनकव्हर

ग्वाल्हेरहून मंगला एक्सप्रेस थेट उडुपीला नेते, तिथून आगुंबे साधारण ५५ किलोमीटर, घाट चढून. स्टेशनवर ट्रॉली छान घरंगळते. शिबिराच्या जागी शेवटचा टप्पा बहुतेक वेळा जीपने आणि मग पायी असतो: लाल चिखल, शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या. तिथे ट्रॉली डोक्यावर घ्यावी लागते. पाठीवरची सॅकच न्या. गुडघे किंवा कंबर साथ देत नसेल तर दोन छोट्या बॅगा करा, म्हणजे दुसरं कुणी सहज उचलू शकेल.

सॅकवर रेनकव्हर घातलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. कव्हर तीन बाजू झाकतं. पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत शिरतं. खरं काम आतली पिशवी करते. खताच्या किंवा साखरेच्या पोत्यात आतून असते तशी जाड, लांब प्लास्टिकची पिशवी सॅकमध्ये आधी घाला, सामान तिच्यात भरा, तोंडाला पीळ देऊन दुमडा आणि रबराने बांधा. त्या पिशवीत पुन्हा छोट्या पिशव्या: कोरडा जोड, औषधं, चार्जर वगैरे, कागद. ओल्या कपड्यांची पिशवी सगळ्यांच्या बाहेर. ओले कपडे तोंड बांधून ठेवू मात्र नका. एका दिवसात बुरशीचा वास धरतात आणि तो चार धुण्यांत जात नाही.

घरीच एक चाचणी घ्या. भरलेल्या सॅकमध्ये मधोमध वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि सॅक पाच मिनिटं शॉवरखाली धरा. कागद कोरडा निघाला तर निर्धास्त जा. इथे पाणी कुठून शिरतं ते कळलं तर दुरुस्त करायला वेळ असतो.

रेनकोट चालताना लागतो, पण आत घामाने माणूस तितकाच भिजतो. शिबिराच्या आवारात खोलीपासून जेवणघरापर्यंत जायला मोठी, लांब दांड्याची छत्री जास्त सोयीची. स्थानिक लोक छत्रीच वापरतात ते उगीच नाही.

जळवांची भीती, गोचिडांकडे दुर्लक्ष

फोनवर सगळ्यात जास्त प्रश्न जळवांबद्दल येतात. तिकडे कन्नडमध्ये त्यांना इंबळ म्हणतात. पावसाळ्यात पालापाचोळ्यातून त्या बुटावर चढतात आणि मोज्याच्या विणीतून आत जातात. साधे विणलेले मोजे त्यांना अडवत नाहीत, घट्ट विणीचं कापड अडवतं. बाजारात लीच सॉक्स मिळतात, पण घरच्या मशीनवरही होतात. जुन्या, दाट विणीच्या पांढऱ्या चादरीचे दोन मोठे मोजे शिवा: पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत, शिलाई बाहेरच्या बाजूला म्हणजे पायाला टोचणार नाही, वर नाडीसाठी नेफा. पँट आत खोचायची, नाडी गुडघ्याखाली बांधायची, वरून बूट. पांढरं यासाठी की जळू चढताना लगेच दिसते. गमबूट घातले तरी हे मोजे हवेतच, कारण जळू बुटावरून चढून वरच्या तोंडातून आत उतरते.

चिकटलेली जळू खसकन ओढू नका, काडीने चटका देऊ नका, अंगावर असताना तिच्यावर मीठही टाकू नका. त्या झटक्यात ती पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाखाली, त्वचेला लागून, नख सरकवा. ते तोंड सुटलं की दुसऱ्या टोकाचंही तसंच करा आणि टिचकीने उडवा. रक्त गोठू न देणारं द्रव्य तिच्या लाळेत असतं, त्यामुळे इवल्याशा जखमेतून बराच वेळ रक्त झिरपतं. घाबरायचं कारण नाही: धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, पट्टी लावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

जळू त्रास देते, पण ज्याच्यासाठी खरोखर तयारी हवी ती गोचीड. तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही. आगुंबे ज्या शिवमोग्गा जिल्ह्यात आहे, तिथल्याच क्यासनूर जंगलाच्या परिसरात १९५७ साली माकडं मरू लागली आणि माणसांना जोराचा ताप येऊ लागला. तो आजार क्यासनूर फॉरेस्ट डिसीज नावाने ओळखला गेला. सिंधुदुर्गाकडे आपले लोक त्याला माकडताप म्हणतात. गोचिडांमधून पसरणारा हा विषाणू आहे, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तो काळ जेव्हा पाऊस नसतो, जळवा नसतात आणि जंगल निर्धोक वाटतं. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, आणि उघड्या अंगाला लावायचं कीटकरोधक औषध बॅगेत ठेवावंच. पाचोळ्यावर बसायचं नाही, तिथे चटई टाकून शवासन तर मुळीच नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात कळवायचं. खोलीवर आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, काखा, जांघा, कानामागे नीट बघणं, आणि कपडे गरम पाण्यात.

त्या भागात कर्नाटकचं आरोग्य खातं गावकऱ्यांना डेपा नावाचं गोचीडरोधक तेल वाटतं. हे डेपा आपल्या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत, डीआरडीईत, विकसित झालेलं आहे. झाशी रोडवरून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं आणि मला ते सांगताना मनापासून अभिमान वाटतो.

दुकानातून डीट हे कीटकरोधक रसायन असलेलं औषध घेतलंत तर एक सावधगिरी: डीट प्लास्टिक विरघळवतं. चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, कॅमेऱ्याची पकड यांना लागू देऊ नका, तळव्यांना लागलं तर धुऊन टाका. सनस्क्रीन लावायचं असेल तर आधी ते, मग हे. गोचीड चिकटलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश वर ओढा. रॉकेल, तेल, चटका, काही नको. चिमटा बॅगेत आठवणीने टाका, भुवयांचा चालतो, पण टोकं बारीक हवीत.

बुटांबद्दल थोडक्यात

नवे बूट घालून जाऊ नका. जाड चामड्याचे ट्रेकिंगचे बूटही नकोत, ते एकदा भिजले की वाळत नाहीत आणि वर हिरवी बुरशी धरतात. गमबूट, प्रवासाला साधे जाळीदार स्पोर्ट शूज आणि खोलीवर पट्ट्याच्या रबरी चपला एवढं पुरे. तळ झिजलेली स्लीपर शेवाळावरून हमखास घसरते. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, बूट टांगून ठेवा, आणि सकाळी उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नका. अंधारात दहा पावलंही टॉर्चशिवाय टाकू नका, पायवाटेच्या कडेला आणि खालच्या फांद्यांवर घोणसाच्या जातीतले साप स्वस्थ बसलेले असतात. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, छत्री धरायला हात मोकळा राहतो.

औषधांचा डबा

आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत गोळ्या काढून नेण्याची अनेकांना सवय असते. दमट हवेत कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, गोळ्या भुसभुशीत होतात. पाकिटातच राहू द्या आणि रोजच्या रोज काढा. साखर तपासणाऱ्यांनी पट्ट्या त्यांच्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात आणि एक पट्टी काढली की झाकण ताबडतोब लावावं. ओल लागलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवते आणि तुम्ही त्यावर औषधाचा डोस ठरवता. श्रवणयंत्र असेल तर रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या छोट्या डबीत ठेवा. याची आठवण आजी-आजोबांना घरच्यांनी करून द्यावी, कारण यंत्र बंद पडलं तर पूर्ण शिबिर त्यांच्यासाठी मुकं होऊन जातं.

जांघेतल्या खाजेसाठी साधं क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं मलम न्या. औषधाच्या दुकानात मागितलं तर बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात ठेवतात. त्याने दोन दिवस आराम पडतो आणि मग गजकर्ण पसरतं, हटता हटत नाही. वेष्टनावर घटक वाचून घ्या. ओआरएसच्या पुड्या, घाट लागणाऱ्यांसाठी उलटीची गोळी, आणि नेहमीच्या औषधांचा दुसरा संच जोडीदाराच्या बॅगेत. आगुंब्याहून मोठं रुग्णालय म्हणजे घाट उतरून मणिपाल, हे लक्षात ठेवून भरा.

कॅमेरा, फोन, पोथी

एसी डब्यातून उडुपीच्या फलाटावर उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर धुकं बसतं, आतही बसतं. पिशवी बंदच ठेवा, तास-दीड तासाने आतली वस्तू बाहेरच्या हवेइतकी गरम झाली की उघडा. तिथे कॅमेरा कापडी बॅगेत ठेवू नका, रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. भिंगावर एकदा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली की ती घरी पुसून जात नाही. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की त्यांची ताकद संपली, मंद आचेवर तापवले की रंग परत येतो; पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो.

फोनने चार्जिंगच्या भोकात ओल असल्याची सूचना दिली तर जबरदस्तीने चार्जर लावू नका, भोक खाली करून पंख्यासमोर ठेवा. तांदळाच्या डब्यात घातल्याने फारसं काही साधत नाही, पीठ आत जातं ते वेगळंच. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा पॉवर बँक हवीच.

पोथी किंवा पारायणाचं पुस्तक रेशमी वस्त्रात गुंडाळून नेणारे आहेत. वस्त्राच्या वरून प्लास्टिकची बंद पिशवी असू द्या, नाहीतर पानं लाटेसारखी फुगतात. नोंदी करायला जेल पेनऐवजी पेन्सिल. योगाची स्पंजसारखी चटई पाणी पिते, शिबिराच्या ठिकाणी मिळत असेल तर तीच वापरा.

खाऊ

चिवडा, शंकरपाळे, चकल्या, गजक: गाडीतल्या दोन दिवसांपुरतं न्या, त्यापुढे नको. डबा उघडल्यापासून तासाभरात सगळं मऊ पडतं, मुंग्या येतात, आणि वासावर माकडं खोलीत शिरतात. माकडाने एकदा खोली पाहिली की तुमच्यानंतर येणाऱ्यांनाही त्याचा त्रास होतो. वेष्टनं परत घेऊन या, जंगलात कचरा उचलायला कुणी येत नाही.

परत आल्यावर

सॅक तशीच माळ्यावर टाकायची नाही. ग्वाल्हेरच्या उन्हाचा इथे फायदा घ्या: कपडे, सॅक, छत्री दोन दिवस गच्चीवर उलटसुलट वाळवा, बूट मात्र सावलीत, कारण उन्हाने त्यांचा डिंक सुटतो. कपड्यांचा बुरशीचा वास जात नसेल तर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा.

आणि परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं असं काही झालं तर दवाखान्यात पहिल्या वाक्यात सांगा की मी शिवमोग्ग्याच्या किंवा वायनाडच्या जंगलात राहून आलो आहे. आपल्याकडचे डॉक्टर आधी डेंग्यू-मलेरियाच तपासतात, आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर माकडतापाचा विचार त्यांच्या मनात यायचं काहीच कारण नसतं. गेल्या-आल्याच्या तारखा आणि गोचीड चावली असल्यास तो दिवस कागदावर लिहून सोबत न्या.